मानसशास्त्रज्ञाच्या सनदेची वाट

बारावीचे निकाल लागले, की वृत्तपत्राच्या कचेरीत विचारणा करणाऱ्यांची रीघ लागते, हा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. कोणास अभियांत्रिकीच्या प्रवेशाची तारीख हवी असते, कोणास परगावच्या वसतिगृहाचा पत्ता. वृत्तपत्रवाल्यांना सर्व काही ठाऊक असते असा लोकांचा समज आहे आणि तो दूर करण्याची आम्हांसही फारशी घाई नसते. यंदा मात्र फोंडा तालुक्यातून आलेल्या एका गृहस्थांनी आम्हांला अडचणीत टाकले. त्यांची कन्या चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे व तिला मानसशास्त्रज्ञ व्हायचे आहे. "डॉक्टर व्हायचे तर नीटची परीक्षा द्यावी लागते, वकील व्हायचे तर कायद्याची पदवी घेऊन सनद काढावी लागते, एवढे मला कळते. हिने नेमके काय करायचे? हिला सनद कोण देणार?" असा त्यांचा साधा प्रश्न होता. आमच्याकडे येण्यापूर्वी त्यांनी चार ठिकाणी विचारले होते आणि त्यांना चार उत्तरे मिळाली होती. एकाने बी. ए. पुरे म्हणून सांगितले. दुसऱ्याने एम. ए. हवे असे बजावले. तिसऱ्याचे म्हणणे, एम. फिल.वाचून गत्यंतर नाही, पण ती पदवी आता बंद होत आहे. चौथे उत्तर एका जाहिरातीने दिले होते: सहा महिन्यांत, घरबसल्या, समुपदेशक व्हा!

गंमत अशी, की या चारही उत्तरांत थोडेथोडे तथ्य आहे. एका व्यवसायाच्या प्रवेशद्वाराविषयी परस्परांशी न जुळणारी चार उत्तरे एकाच वेळी खरी असावीत, ही त्या व्यवसायाच्या दृष्टीने भूषणावह गोष्ट नव्हे. आणि त्या दारात मोठ्या आशेने येणाऱ्या पीडित माणसाच्या दृष्टीने तर ती धोक्याचीच आहे. म्हणून हा विषय एका मुलीच्या प्रवेशापुरता न ठेवता वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटले.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक हे तीन शब्द एकाच अर्थाने सर्रास वापरले जातात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. एम. बी. बी. एस. झाल्यावर तो मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो. मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्राच्या मार्गाने आलेला असतो. तो औषध देत नाही, किंबहुना त्याने ते देता कामा नये. बुद्धिमापन, व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या, निदानास साहाय्य आणि मानसोपचार हे त्याचे क्षेत्र. त्यातही रुग्णांवर प्रत्यक्ष उपचार करण्याचे रीतसर शिक्षण ज्याने घेतले आहे, तो चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. समुपदेशक या शब्दाचा मात्र मांडव एवढा प्रशस्त आहे, की त्याखाली विद्वान प्राध्यापकापासून विवाह जुळविणाऱ्या मध्यस्थापर्यंत कोणीही सुखाने बसू शकतो.

या तिघांपैकी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला देशात स्पष्ट अशी कायदेशीर सनद आहे. ती देणाऱ्या संस्थेचे नाव ऐकून त्या गृहस्थांना आश्चर्य वाटले, आणि ते साहजिकच होते. ती सनद आयुर्विज्ञानाची संस्था देत नाही, विद्यापीठही देत नाही. भारतीय पुनर्वास परिषद देते. संसदेने १९९२ मध्ये पुनर्वास परिषदेचा कायदा केला व १९९३ मध्ये तो अंमलात आला. अपंगांच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्या व्यावसायिकांचे शिक्षण व नोंदणी यांना शिस्त लावणे हा त्याचा हेतू. श्रवणतज्ज्ञ, वाचोपचारक, विशेष शिक्षक अशांच्या पंक्तीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञालाही बसविण्यात आले. त्याचे अर्धेअधिक रुग्ण अपंग या व्याख्येत बसत नाहीत. परीक्षेच्या भीतीने झोप उडालेला विद्यार्थी, बाळंतपणानंतर अकारण रडणारी सून, दारूच्या आहारी गेलेला खलाशी हे काही अपंग नव्हेत. तरीही मानसशास्त्रज्ञांसाठी दुसरे घर कोणी बांधले नव्हते, म्हणून हे घर त्यांच्या वाट्याला आले. ते नसते तर उघड्यावरच राहावे लागले असते, हेही खरे.

हा कायदा दिसायला कडक आहे. मान्य अर्हता आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज कोणालाही हा व्यवसाय करता येत नाही, शासकीय पद धारण करता येत नाही, अधिकृत दाखल्यावर स्वाक्षरी करता येत नाही, न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. जो हे उल्लंघील त्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. एक हजार रुपये! पणजीत एखाद्या खाजगी समुपदेशकाच्या एका बैठकीला याहून अधिक रक्कम मोजलेली माणसे आमच्या माहितीत आहेत.

आता वाटेविषयी. गेली कित्येक वर्षे ही वाट अशी होती: बारावीनंतर मानसशास्त्रातील पदवी, त्यानंतर दोन वर्षांची एम. ए. अथवा एम. एस्सी., आणि सामान्यतः ५५ टक्के गुण असतील तर चिकित्सा मानसशास्त्रातील दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम. फिल.साठी प्रवेश परीक्षा. ही परीक्षा सर्व देशासाठी एक नाही. प्रत्येक संस्थेची निराळी परीक्षा, निराळी मुलाखत, निराळे शुल्क. जागा मोजक्या, कारण एका मार्गदर्शकाच्या हाताखाली किती विद्यार्थी असावेत याला मर्यादा आहे. शासकीय संस्थांत खर्च आवाक्यातला असतो, पण तेथे स्पर्धा जीवघेणी. खाजगी विद्यापीठांत शुल्काचा आकडा लाखांच्या घरात जातो. बारावीनंतर मोजले तर कमीत कमी सात वर्षे. डॉक्टरला साडेपाच वर्षे लागतात हे लक्षात घेतले, म्हणजे या वाटेची लांबी कळेल. त्यानंतरही सनद जन्माची नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी मधल्या काळात अभ्यासवर्ग आणि परिषदांना उपस्थित राहून ठरलेले गुणांक मिळवावे लागतात.

या सात वर्षांतील शेवटची दोनच या व्यवसायाचा प्राण आहेत. त्यांच्याविषयी बाहेरच्या जगाला फारच थोडे ठाऊक असते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. एम. ए. झालेल्या विद्यार्थ्याने फ्रॉइडपासून आधुनिक वर्तनोपचारापर्यंत सारे वाचलेले असते; परंतु समोर खुर्चीत बसून शून्यात पाहणाऱ्या माणसाशी पहिले वाक्य काय बोलावे, हे त्याला कोणत्याही ग्रंथाने शिकविलेले नसते. ते त्याला रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात शिकावे लागते. रुग्णाची हकीकत घ्यायची, नातेवाइकांची निराळी घ्यायची, दोन्हींत तफावत दिसली तर कोणती का खरी मानली याचे कारण द्यायचे. कोणती चाचणी लावायची आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणती लावायची नाही, हे ठरवायचे. शाईच्या डागांची सुप्रसिद्ध रोर्शा चाचणी १९२१ पासून जगभर चालत आली आहे. तिचे दहा पत्ते कोणीही विकत घेऊ शकतो. पण रुग्णाला त्या डागात वटवाघूळ दिसले म्हणून त्याच्यावर कोणते लेबल चिकटवू नये, हे समजण्यासाठी वरिष्ठांपुढे अनेकदा खजील व्हावे लागते. पहिल्या वर्षाअखेर पाच रुग्णांचे संपूर्ण निदान-अहवाल, दुसऱ्या वर्षी पाच रुग्णांवर केलेल्या मानसोपचाराच्या तपशीलवार नोंदी, शिवाय प्रबंध, लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा. आणि या सर्व काळात मागे उभा असलेला मार्गदर्शक, जो दर आठवड्याला विचारतो: रुग्ण रडू लागला तेव्हा तू घाईने विषय का बदललास?

थकवा, उदासी, कशातच रस नसणे अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईचा विकार मनाचा नसून गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा असू शकतो. अचानक स्वभाव पालटलेल्या माणसाच्या मेंदूत गाठ असू शकते. हसतमुखाने सर्व प्रश्नांना उत्तरे देणारा तरुण त्याच रात्री जिवाचे बरेवाईट करण्याच्या बेतात असू शकतो. आपल्या हातात नसलेली गोष्ट ओळखून रुग्णाला योग्य दारी पाठविणे, ऐकलेले गुपित आईबापांनासुद्धा न सांगणे आणि सांगणे अपरिहार्य होईल तो क्षण ओळखणे, हे या दोन वर्षांत शिकवितात. सनदेचे खरे समर्थन येथे आहे. केस कापणाऱ्याच्या हातून चूक झाली तर केस पुन्हा वाढतात.

ही पद्धत एका दिवसात उभी राहिली नाही. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यातच १९२२ मध्ये मनोविश्लेषणाची भारतीय संस्था स्थापिली. परंतु रुग्णालयातील शिक्षणाची पायाभरणी स्वातंत्र्यानंतरची. बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत १९५५ मध्ये वैद्यकीय व सामाजिक मानसशास्त्राची दोन वर्षांची पदविका निघाली. तीच संस्था १९७४ मध्ये तेथील मनोरुग्णालयाशी एकरूप होऊन निम्हान्स झाली. रांचीच्या केंद्रीय संस्थेने १९६० नंतरच्या काळात तोच कित्ता गिरविला. पुढे त्या पदविकेला एम. फिल. हे नाव मिळाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या करताना याच दोन वर्षांच्या, देखरेखीखालील शिक्षणाचा हवाला दिला आहे.

आणि येथेच विलक्षण घोटाळा झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम. फिल. ही पदवी रद्द करण्याचे ठरविले. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्या डोळ्यांपुढे इतिहास, अर्थशास्त्र वा साहित्यातील एम. फिल. असावी. पीएच. डी.च्या उंबरठ्यावरची ती एक अनावश्यक पायरी आहे, असा त्यांचा अभिप्राय होता व त्या विषयांपुरता तो ग्राह्यही असेल. परंतु चिकित्सा मानसशास्त्राची एम. फिल. ही संशोधनाची पायरी नव्हतीच; नावापुरती एम. फिल., कामाने ती व्यवसायाची परवाना-परीक्षा होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ही पदवी बंद केली, डिसेंबर २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना प्रवेश न घेण्याचा इशारा दिला आणि पुढच्याच महिन्यात, चूक ध्यानी आल्यावर, चिकित्सा मानसशास्त्र व मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती तिला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत वाढवून दिली. तिची जागा घेण्यासाठी पुनर्वास परिषदेने नव्या पदव्यांचे आराखडे पुढे केले. चार वर्षांची बी. एस्सी. ऑनर्स आणि दोन वर्षांची चिकित्सा मानसशास्त्रातील एम. ए. ही त्यांतील प्रमुख. वाट थोडी आखूड होईल, अधिक जणांना चालता येईल, हा त्यामागचा हेतू आम्ही चुकीचा मानीत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की त्या दोन वर्षांतील रुग्णालयाचा वाटा नव्या पदवीत तेवढाच राहणार की वर्गातील व्याख्याने त्यावर कुरघोडी करणार? रुग्णालयाशी संबंध नसलेल्या महाविद्यालयाला अशी एम. ए. सुरू करण्याची मुभा मिळाली, तर नावे नोंदवहीत चढतील. मानसशास्त्रज्ञ तयार होतील की नाही, याची आम्हांस धास्ती वाटते.

नोंदवहीच्या बाहेर राहिलेल्यांचे काय? २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात, पुनर्वास परिषदेकडील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वगळून, इतर मानसशास्त्रज्ञ आणि आरोग्य समुपदेशक यांचा समावेश आहे. प्रथमच या मंडळींना शिस्तीचे छत्र मिळण्याची सोय झाली. राज्यांनी आपापल्या परिषदा स्थापून नोंदवह्या उघडाव्यात अशी योजना होती. पण राज्ये इतकी सुस्त, की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. पाठोपाठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र हा विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकविण्यास मनाई केली. टपालाने मानसशास्त्र शिकून माणसांची मने हाताळणे योग्य नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. पण नोकरी सांभाळून, चूल सांभाळून दूरस्थ शिक्षणाने एम. ए. करणाऱ्या सत्तरी-काणकोणातील स्त्रियांपुढे दुसरे कोणते दार उघडले आहे? एक दार बंद करताना दुसरे उघडावयाचे असते, हा साधा शिष्टाचार आपल्या शिक्षणखात्यांच्या अंगवळणी कधी पडणार?

या सर्व प्रकाराकडे गोव्याने निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे, कारण मनाच्या शास्त्राशी आमच्या भूमीचे नाते जुने आहे. पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ पासून उभा असलेला आबे फारिया यांचा पुतळा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ती कृती. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून दाखविले आणि माणूस त्या निद्रेत जातो तो संमोहकाच्या अंगच्या कसल्या अदृश्य प्रवाहामुळे नव्हे, तर स्वतःच्याच मनाच्या ग्रहणशक्तीमुळे, असे प्रतिपादन केले. ही गोष्ट तेव्हा कोणाला पटली नाही. १८१९ मध्ये ते निधन पावले ते उपेक्षेतच. त्यांच्याजवळ अर्थातच कोणाची सनद नव्हती! पण म्हणून आजही सनद नको असा युक्तिवाद कोणी करील तर तो फोल आहे. प्रतिभेला परवाना लागत नाही. रुग्णाला मात्र प्रतिभावंत आणि भोंदू यांतील भेद दारावरची पाटी पाहून कळत नाही.

आल्तिनोवरील मनोरुग्णालयाला त्यांचेच नाव होते. १९८० मध्ये त्यातून मनोविकार व मानवी वर्तन संस्था आकारास आली व नंतर ती बांबोळीस गेली. गोव्यात झालेले आणखी एक काम जगाने वाखाणले आहे. १९९६ मध्ये येथे स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेशी निगडित संशोधकांनी प्राथमिक आरोग्यकेंद्रांत उदासी व चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांसाठी एक योजना राबविली. वैद्यकाची वा मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना अल्पकाळ शिकवून समुपदेशनाचे काम दिले. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शासकीय केंद्रांतील निदान झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांत बरे झाले; जेथे ही योजना नव्हती तेथे हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खाजगी डॉक्टरांकडील रुग्णांत मात्र असा फरक आढळला नाही.

हा दाखला सनदेच्या विरोधकांना फार आवडतो. दोन महिन्यांच्या शिक्षणाने भागते, मग सात वर्षांचे अवडंबर कशाला, असे ते विचारतात. त्यांनी तो प्रयोग नीट वाचावा. त्या समुपदेशकांना आखून दिलेले काम होते, केंद्रात डॉक्टर होता आणि वर देखरेख करणारा तज्ज्ञ होता. परिचारिका इंजेक्शन देते म्हणून शल्यविशारदाची गरज संपत नाही. गावोगावी असे शेकडो साहाय्यक उभे करावयाचे असतील, तर त्यांच्यावर लक्ष ठेवणारे, अवघड रुग्ण आपल्याकडे घेणारे मोजके पण खरे मानसशास्त्रज्ञ प्रथम हवेत. आज उणीव आहे ती त्यांचीच. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दहापैकी एकाहून अधिक प्रौढांना, म्हणजे १०.६ टक्क्यांना, कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले व त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. बारा राज्यांत झालेल्या या पाहणीत गोवा नव्हता, महाराष्ट्रही नव्हता आणि कर्नाटकही नव्हता.

आता भाषेचा मुद्दा, ज्याकडे परिषदेच्या अभ्यासक्रमाचे लक्ष गेलेले आम्हांस दिसत नाही. आबे फारियांचीच एक आख्यायिका गोव्यात घरोघरी सांगतात. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनास उभे राहिल्यावर तरुण फारियांची वाचाच बसली. तेव्हा खाली बसलेले वडील कोकणीत हळूच म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि मुलाची जीभ सुटली. लॅटिन, पोर्तुगीज सारे जाणणाऱ्या माणसाच्या मनाची गाठ सुटली ती घरच्या बोलीने. आपला मनोरुग्णही घरच्याच बोलीत आजारी पडतो. 'मला डिप्रेशन आहे' असे म्हणत तो येत नाही. जीव घाबराघुबरा होतो, छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते, कशात जीव रमत नाही, कोणी काही केले असावे, असे तो सांगतो. त्यापूर्वी दृष्ट काढून झालेली असते, देवाचा कौलप्रसाद घेऊन झालेला असतो. हे सारे न हसता ऐकून घेणे आणि त्यातून आजार वेगळा काढणे, हे इंग्रजीत शिकून बंगळूरहून वा दिल्लीहून आलेल्या मानसशास्त्रज्ञाला, तो कितीही हुशार असो, प्रथम जड जाते.

आपल्याकडे याची जाण पूर्वी नव्हती असे नाही. फ्रान्समधील बिने यांची बुद्धिमापन चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मुंबई-कर्नाटक भागातील मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतरित केली. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजतागायत वापरात आहे. सीमाभागातील दोन भाषांची मुले एकाच चाचणीत सामावून घेणारे ते काम किती दूरदृष्टीचे होते, हे बेळगाव-धारवाडकडील वाचकांना सांगावयास नको. पण तिचे प्रमाणांक आता फार जुने झाले आहेत. दाखल्यावर आकडा लिहावयाचा, त्या आकड्यावर एखाद्या मुलाची सवलत, शाळा, प्रसंगी सारे आयुष्य ठरावयाचे, आणि मोजपट्टी आजोबांच्या काळची! कोकणी मुलाला मराठी चाचणी चालते की नाही, हा वाद तर आम्ही येथे उपस्थितही करीत नाही. त्याला निमंत्रण लागत नाही, तो आपण होऊन येतो.

गरज मात्र थांबून राहिलेली नाही. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. शंभर विद्यार्थी म्हटले, की आमच्या खेड्यापाड्यांतील अनेक विद्यालये त्यात येतात. आदेश उत्तम आहे. पण ही माणसे आणणार कोठून? न आणली तर व्यवस्थापने काय करतील, हे सांगावयास ज्योतिषी नको. संगीताच्या किंवा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला चार दिवसांच्या शिबिराला पाठवून त्याच्या दारावर समुपदेशकाची पाटी लावण्यात येईल आणि तपासणी-अहवालात 'होय' असे लिहिले जाईल.

गोवा शासनाच्या हाती यात बरेच आहे. बांबोळीत रुग्णालय आहे, रुग्ण आहेत, शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय आहे. चिकित्सा मानसशास्त्राच्या शिक्षणाच्या जागा येथे पुरेशा संख्येने, निश्चित शुल्कात आणि दरवर्षी खात्रीने उपलब्ध व्हाव्यात, यासाठी शासनाने परिषदेकडे नेट धरला पाहिजे. शिकणाऱ्यांस विद्यावेतन द्यावे, आणि त्याबदल्यात काही वर्षे तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात सेवा करण्याची अट घालावी. रुग्णाशी कोकणीत वा मराठीत तासभर बोलून हकीकत घेता येणे, ही प्रात्यक्षिक परीक्षेचीच एक कसोटी करावी. २०२१ च्या कायद्याखालील राज्य परिषदेची नोंदवही सामान्य माणसाला पाहता येईल अशी ठेवावी, म्हणजे पाटीवरचे नाव नोंदवहीत आहे की नाही हे आईबापांना दारात शिरण्यापूर्वी कळेल. तोपर्यंत बेळगावच्या विद्यार्थ्याला निदान धारवाड जवळ आहे. गोव्यातील मुलीला घाट चढून जावे लागेल आणि एकदा घाट चढलेली मुले परत किती येतात, हे प्रत्येक गोमंतकीय कुटुंब जाणते.

त्या गृहस्थांना आम्ही दिलेले उत्तर असे: मुलीला मानसशास्त्राच्या नियमित, पूर्णवेळ पदवीस घालावे. सहा महिन्यांच्या जाहिरातीस भुलू नये. पुढे प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेचे व त्या अभ्यासक्रमाचे नाव पुनर्वास परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत, त्या वर्षाच्या यादीत, स्वतः पाहावे; कोणाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. कन्येने हे सारे वहीत लिहून घेतले. वडिलांनी जाताना विचारले, की ती पदवीधर होईल तोवर हे नियम असेच राहतील ना? १९५५ पासून २०२० पर्यंत फारशी न बदललेली वाट त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत तीनदा बदलली, एवढेच आम्ही त्यांना सांगू शकलो.